काकांच्या खिडकीवरची तुळई

८ जानेवारी

ती. दादास,
ठिणगीचा सा. न. वि. वि.

आमच्या कंपनीला कोणत्या इमारतीचं काम मिळालंय, सांगू? काकांच्या! हो, तीच. बाबा गेल्यावर महिन्याच्या आत आईसकट आपल्याला जिथून बाहेर काढलं, ती तिसऱ्या मजल्यावरची जागा. भूकंपात टिकाव धरावा म्हणून इमारतीला बाहेरून तिरप्या पोलादी तुळया जोडायच्या आहेत. काँक्रीटच्या खांबांना भोकं पाडायची, केमिकल भरून बोल्ट रोवायचे, त्यावर प्लेट, प्लेटेला तुळई. त्या प्लेटा तुझ्याच वर्कशॉपात व्हायच्या आहेत.

आता गंमत ऐक. त्या बाजूला तुळई दोनच ठिकाणी बसू शकते: जिन्याच्या कोऱ्या भिंतीवर, नाहीतर काकांच्या हॉलच्या खिडकीवर. हिशेबात दोन्ही जागा सारख्याच. मी खिडकी निवडली! हातभर रुंद लोखंड, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. बसा म्हणावं बघत जन्मभर. परवा काका खाली येऊन मला बेटा बेटा करत होते. बावीस वर्षं ओळख नव्हती, आता अडला हरी! मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. काकू खिडकीत उभ्या होत्या, मी पुन्हा मान वर केली नाही.

आईला यातलं काही सांगू नकोस. तुझी माया आहेच, ती प्लेटा वेळेवर पाठवण्यात दिसू दे.

तुझी,
ठिणगी


१५ जानेवारी

चि. ठिणगीस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र वाचून आधी पोटभर हसलो. अडला हरी लिहिलंस खरं, पण मग त्यातलं गाढव कोण, याचा विचार केलास का? नंतर मात्र राग आला. काकांवर तुझ्यापेक्षा माझा दात जास्त आहे. त्या दिवशी ट्रंक मी उचलली होती, तू आईच्या कडेवर होतीस.

पण आज सुडापोटी एक तुळई बसली, तर उद्या सुडापोटी एक बोल्ट कमी बसेल. त्या इमारतीत आणखी अकरा घरं आहेत गं. दोन्हीकडच्या खांबांत बोल्ट रोवून ओढून बघ आणि आकडे पाठव. तोवर मी एकही प्लेट कापणार नाही. आणि आईला मी सांगून बसलोय. तिच्यापासून काही लपवणं मला जमत नाही. ती भाजी निवडत राहिली.

चिडशील, ठाऊक आहे. खुशाल चीड, पण पत्र थांबवू नकोस.

दादा


२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. (नाराजीनेच.)

बघितले ओढून. जिन्याकडचे बोल्ट जागचे हलले नाहीत. खिडकीच्या दोन्ही खांबांतले मात्र निम्म्या जोरातच काँक्रीटच्या ढेकळासकट बाहेर आले. म्हणजे तुळई जिन्याकडे गेली! काकांची खिडकी मोकळी, वर इमारत भक्कम. हातातोंडाशी आलेला घास गेला रे. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. आकडे बदलावेत असंही मनात आलं, कोण तपासतंय? पण ती अकरा घरं तू डोक्यात घालून ठेवलीस. खरा अहवाल दिला.

आणि दादा, खऱ्या अहवालानेच काकांचे बारा वाजवले! ते दोन खांब इतके कच्चे निघाले की वरचं काँक्रीट फोडून चारी बाजूंनी नव्याने भरायचं ठरलं. खांब काकांच्या हॉलमध्ये. चार महिने जागा रिकामी करायची, तीही आठ दिवसांत. नोटीस मी स्वतः नेली, शिपायाला पाठवलं नाही. काकांनी दोनदा वाचली. मग विचारलं, या वयात आम्ही जायचं कुठे? मी म्हटलं, आईनेही तुम्हाला हेच विचारलं होतं. त्यांनी नोटीस घडी करून खिशात घातली. काकू भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

आनंद झाला का, असं विचारशील. झाला. भरपूर झाला. खोटं कशाला बोलू?

आता तरी प्लेटा काप, जिन्याच्या मापाच्या. रागावला असशील तरी चार ओळी धाड.

ठिणगी


२६ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
अ. उ. आशीर्वाद.

प्लेटा काल रवाना केल्या. पुढची बातमी बसून वाच. दोन आठवड्यांपूर्वी आई मला न सांगता गेली आणि काका-काकूंना सामानासकट आपल्याकडे घेऊन आली. स्वतःची खोली त्यांना दिली, स्वतः स्वयंपाकघरात अंथरूण टाकते. मी तोंड उघडलं, तर म्हणाली, चार महिने इथेच राहतील, तू मध्ये पडू नकोस. मला वाटलं, तिने माफ केलं. आईचंच मन ते, म्हणून माझे डोळेसुद्धा भरून आले.

कसली माफी नि कसलं काय! काकूंशी बोलते, हसते. काकांना मात्र पहिला चहा, पहिलं ताट, अंघोळीला गरम पाणी, धुतलेले कपडे, सगळं अगदी वेळच्या वेळी, आणि शब्द एक नाही. माणूस अर्धा झालाय. काल जेवताना रडकुंडीला येऊन म्हणाले, वहिनी, एकदा शिव्या तरी द्या. आईने त्यांच्या ताटात आणखी भाजी वाढली आणि आत निघून गेली.

आपण दोघं अजून कच्चेच आहोत, ठिणगे. लोभ आहेच. आईचा तुला निरोप आहे, खांबांचं काम नीट कर, अजिबात घाई करू नकोस.

दादा