वासंतीला करमत नाही

३ फेब्रुवारी, म्युनिक
पोचले एकदाची! व्हिसासाठी इतके महिने झुरल्यावर अखेर नवऱ्याच्या घरात संसार मांडायला मिळाला. घर छोटं, चौथ्या मजल्यावर, पण खिडक्या मोठ्या. देवदत्तने स्वतः पोहे केले आणि ओलं खोबरं मिळालं नाही म्हणून हळहळत राहिला. बाहेर सगळं करडं. तो म्हणाला, जूनमध्ये ग्रीसला जाऊ, कोस बेटावर. लग्नानंतर राहून गेलेली ट्रिप! समुद्र, गाणी, नुसती धमाल. हॉटेल शोधायचं काम माझ्याकडे.

९ फेब्रुवारी
देवदत्त एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, ऑफिसला गेला की घर खायला उठतं. आज बीचवरच्या एका हॉटेलला फोन लावला. माझं इंग्रजी ऐकून पलीकडची बाई एकदम मराठीत म्हणाली, ‘‘तुम्ही आपल्याकडच्या का हो?’’ वासंती तिचं नाव. मूळची वेंगुर्ल्याची, तिथे रिसेप्शनवर असते. मागे केवढा गलका! गाणी, ग्लासांची किणकिण, पाण्यात डुंबणारी मुलं. ऐकूनच ऊब आली.

१४ फेब्रुवारी
वासंतीशी आता रोज बोलणं होतं. खोली समुद्राकडचीच घ्या म्हणते, लाटांच्या आवाजाने झोप छान लागते. आई फोनवर रागावली, अनोळखी बाईशी एवढं काय बोलतेस? पण इथे मला दुसरं आहे कोण? वासंतीचंही तसंच असावं, फोन ठेवू देत नाही. आज म्हणाली, ‘‘ताई, जून लांब आहे. आत्ताच या ना. सगळे वाट बघतायत.’’ सगळे म्हणजे कोण, ते विचारायचं राहिलं.

१७ फेब्रुवारी
देवदत्त बुकिंग करायला बसला आणि हसायलाच लागला. हॉटेल मेपर्यंत बंद आहे. हिवाळ्यात त्या किनाऱ्यावर चिटपाखरू नसतं. मी म्हटलं, अरे, मी रोज गाणी ऐकते. मग त्याने इथल्या ट्रॅव्हल एजन्सीला विचारलं. ऑक्टोबरपासून कुलूप आहे, वीजही बंद. वासंती नावाची बाई रिसेप्शनवर होती खरी, पण सीझन संपला त्या दिवशी पोहायला गेली ती — पुढचं जर्मन त्याने मला मराठीत सांगितलं नाही. हसणंही थांबलं होतं.

१८ फेब्रुवारी
मी फोन केला नाही. तिनेच केला. सकाळी, आम्ही नाश्ता करत असताना. ‘‘रागावलात का ताई?’’ मागे तोच गलका. त्यात कोणीतरी हसलं. देवदत्तचं हसणं, शेवटी ठसका लागतो तसंच.
देवदत्त माझ्यासमोर पावाला लोणी लावत होता. त्यानेही ऐकलं. सुरी खाली ठेवली.

२० फेब्रुवारी
तिचा नंबर ब्लॉक केला. नवं सिम घेतलं. त्यावरही तीच.
देवदत्त ऑफिसला जात नाही. खिडकीशी कान देऊन बसतो. म्हणतो, मला हाका मारतायत. बाहेर बर्फ पडतोय आणि त्याचा चेहरा उन्हाने रापलाय. एका जागी बसवत नाही मला. या खोलीतून त्या खोलीत —

२१ फेब्रुवारी
तिला स्पष्ट सांगितलं. आम्ही येणार नाही. कधीच नाही.
रडली. खरंच रडली, मलाच वाईट वाटलं. ‘‘हिवाळ्यात इथे करमत नाही हो.’’
मग गलका एकदम थांबला. सगळे ऐकत असल्यासारखा.
आणि ती हळूच म्हणाली, ‘‘तुम्हाला जमत नाही ना, राहू दे. आम्हीच येतो.’’

२२ फेब्रुवारी, दुपार
फोन गप्प आहे. स्वच्छ ऊन —
खालचं दार वाजलं. जिन्यात हसणं-बोलणं. खूप माणसं. ओल्या पावलांची चपचप. खालची म्हातारी कोणावर तरी ओरडली — मधेच थांबली.
तिसरा मजला.
देवदत्त उठला. आनंदाने उठला. मी त्याचा हात धरून ठेवलाय, दुसऱ्या हाताने लिहिते — त्याचा हात थंड, ओला — सुटतोय —
सुटला.
दाराबाहेर वासंती. विचारतेय, ‘‘ताई, आत येऊ का?’’
मी ओरडले, नाही! पण देवदत्त म्हणाला, या, या, आपलंच घर —