श्रीमती पी. एन. पटले यांचं ऑनलाइन दुकान

१४ नोव्हेंबर २०१५
आजपासून रोजनिशी. धंदा करणाऱ्याने रोज चार ओळी लिहाव्यात, असं जिऱ्याच्या पुडीवर वाचलं. शाळा तिसरीपर्यंत. पुढचं सगळं शिक्षण पुड्यांच्याच कागदावर झालं, आणि ते काही कमी झालं नाही.

ठरवलं : रखियाच्या वड्यांचं ऑनलाइन दुकान काढायचं. रखिया म्हणजे कोहळा. तो किसायचा, उडदाच्या डाळीत फेटायचा, वड्या घालून कडक उन्हात वाळवायच्या. आमच्या आळीत वीस वर्षं प्रत्येक लग्नाच्या पहिल्या वड्या मी घातल्या. हे गेल्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून कोणी बोलावत नाही. लग्नाच्या वड्यांना सवाशिणीचा हात लागतो. मला त्याचं काही वाटत नाही.

शेजारच्या शांतीबाईच्या राखीचं लग्न एप्रिलात आहे. तोपर्यंत माझ्या वड्या पुण्या-मुंबईला पोचलेल्या असतील. तिकडे कपाळ बघून कोणी वडी घेत नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही.

१९ नोव्हेंबर
आमगावला भैयाजींच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. ते म्हणाले, “माताजी, माल तो कोई भी बना लेता है. सब प्लॅटफॉर्म का खेल है.” मग प्लॅटफॉर्म म्हणजे काय ते समजावायला लागले. मी म्हटलं, माझं माहेर दरेकसा. तिथे गाडीतून उतरताना उडी मारावी लागायची. प्लॅटफॉर्म नसला की काय होतं, ते मला सांगू नका.

संकल्प : १५ डिसेंबरपर्यंत प्लॅटफॉर्म पक्का.

२ डिसेंबर, सकाळी ११
पहिला प्लॅटफॉर्म फोटो टाकायचा. दिराची सून हर्षिता, तिच्या फोनवरून टाकला. एकशे चाळीस जणांनी अंगठे दाखवले. विचारणारा एकच. साबण कोणत्या वासाचा आहे, म्हणाला.
वड्यांत दोष नाही. गिऱ्हाईक चुकीचं.

१६ डिसेंबर
दुसरा प्लॅटफॉर्म. मोठी कंपनी. नमुना मागवला आणि नापास केला. सगळ्या वड्या एका मापाच्या हव्यात, साचा वापरा. माझ्या वडीला वर नाक असतं, दोन बोटांनी ओढून काढलेलं. नाक कापून धंदा करायचा नाही, असं हर्षिताला सांगितलं. ती हसली. मी विनोद केला नव्हता.

मुदत एक दिवसाने हुकली. नवी मुदत : संक्रांत.

२० डिसेंबर
ऊन चांगलं. बाजेवर यांचं जुनं धोतर अंथरून पाच किलोच्या वड्या घातल्या. हर्षिता म्हणाली, “काकीजी, कायले ते फाटकं वापरून राहिल्या? प्लास्टिक घ्या ना.” तिला सांगितलं, धोतर पाणी शोषतं. वडीला खालून कापडाची वीण उमटते, हवा लागते. केवळ त्यासाठी वापरते. लाल किनारीकडचा भाग जरा विरला आहे, तिथे वड्या चिकटतात. तरी चालतं.

८ जानेवारी २०१६
तिसरा प्लॅटफॉर्म, मराठी. सगळं जमत आलं होतं. नावाआधी एक चौकोन. त्यात श्री., सौ., कु. एवढेच. काही निवडल्याशिवाय पुढचं पान उघडेना. भैयाजी म्हणाले, “सौ. डाल दो माताजी, कौन देखता है.” मी उठून आले. खोट्यावर दुकान उभं राहत नाही.
बसस्टॉपवर बसून राहिले. बस उशिरा आली म्हणून. एक बस आधी गेली होती, ती भरलेली असावी.

१७ जानेवारी
संक्रांतीची मुदत जरा सरकली, पण बरंच झालं. प्लॅटफॉर्म सापडला. हिंदी आहे. तिथल्या चौकोनात श्री, श्रीमती, सुश्री.

हिंदीत श्रीमती म्हणजे जिचा नवरा आहे ती. मराठीत श्रीमती म्हणजे जिचा गेला ती. शब्द एकच. मी खरं तेच लिहिलं. वाचणाऱ्याने आपल्या भाषेत वाचावं. इतकी वर्षं गोंदिया जिल्ह्यात राहून हिंदीचा फायदा पहिल्यांदा झाला.

दुकानाचं नाव : श्रीमती पी. एन. पटले. पी म्हणजे प्रेमिला. एन म्हणजे हे, नत्थूलाल. माल नागपूरच्या गोदामात पाठवायचा. डब्यात भरणं, पोचवणं ते करतात.

१० फेब्रुवारी
ऑर्डर नाही. हिंदी मुलखात यंदा थंडी जास्त आहे, असं वाचलं. लोक घराबाहेर पडत नसतील. ऑनलाइनला बाहेर पडावं लागत नाही, असं हर्षिता म्हणाली. तिला प्रत्येक गोष्टीत बोलायची सवय आहे.

शांतीबाई कुंपणावरून म्हणाली, “काऊन प्रेमिलाबाई, दुकान चालून राहिलं का नुसतं उघडून राहिलं?” मग स्वतःच सांगितलं, राखीच्या वड्यांचं अडलं आहे. तिच्या सुनेला वड्या येत नाहीत, जावेचे गुडघे गेले. मी तिथेच उभी होते. कोहळा चिरत होते. ती म्हणाली, आता हिमांशु नागपूरवरून मोबाइलवर पाहून मागवून देते म्हणते. हिमांशु तिचा मुलगा.
मी म्हटलं, चांगलं आहे. खरंच चांगलं आहे.

२१ मार्च, दुपारी २
पहिली ऑर्डर. पूर्ण दोन किलो. गाव नागपूर. गिऱ्हाइकाचं नाव कंपनी सांगत नाही, गावाचं सांगते.

मी सुरुवातीपासून म्हणत होते, सगळं प्लॅटफॉर्मवर आहे. मुद्दाम कुंपणाशी जाऊन शांतीबाईला सांगितलं की माझा हात आता नागपूरला चालतो. ती म्हणाली, “बरं झालं बाई. इकडं तर चालत नाही.” तिच्या बोलण्यात वाईट हेतू नसतो. हेतू नसतोच.

१४ एप्रिल
राखीचं लग्न परवा. शांतीबाईने तांदूळ निवडायला बोलावलं. तांदळाला चालतं.

ओसरीवर आठ-दहा बाया. मधोमध एक डबा. नागपूरहून हिमांशुने आणलेला. शांतीबाईने डब्यावरची चिठ्ठी मोठ्याने वाचली. सौ. पी. एन. पटले, जिल्हा गोंदिया.
“तुह्याच आडनावाची निंगाली कोणी,” मला म्हणाली. “पण सौ. हाये. हिमांशुनं पाहूनच घेतलं.”
कोणीतरी म्हणालं, पटले तर घरोघर आहेत. मग शांतीबाईने एक वडी माझ्यासमोर धरली. “पाहून घे प्रेमिला, हात याले म्हणतेत. कसं नाक काढलं हाये.”

वडी हातात घेतली नाही, लग्नाची होती. तिने ती उलटी केली. खाली धोतराची वीण. एका कडेला लाल दोरा चिकटलेला.
“काही तरी लागलं हाये,” म्हणून तिने तो नखाने काढून टाकला.

सांगणार होते. मंगल कामात खोळंबा नको म्हणून सांगितलं नाही. तांदूळ निवडून झाले. उठताना दोरा सुपाजवळ पडलेला दिसला. पदराला बांधून आणला. दुसऱ्याच्या ओसरीवर आपला कचरा ठेवू नये.

१८ एप्रिल
लग्न झालं. पहिल्या पंगतीला वड्या वाढल्या. मी शेवटच्या पंगतीला बसले. तोवर वड्या संपल्या होत्या. चांगल्या झाल्या असणार.

आमगावला जाऊन भैयाजींना विचारलं. कंपनीने दुकानाचं पान मराठीत केलं. मशीनने श्रीमतीचं सौ. केलं. “मशीन है माताजी, उसको क्या मालूम.”

हर्षिताने फोनवर हिमांशुचा अभिप्राय वाचून दाखवला. पाच तारे. सौ. पटलेताईंच्या हाताला चव आहे. म्हणाली, “काकीजी, एक बटन दाबलं की सौ. जाते. दाबू का?”
मी म्हटलं, हंगाम संपला, आता कायले.

दोरा जागेवर ठेवून धोतराची किनार शिवली. धुवून, घडी करून पेटीत ठेवलं. पुढच्या वर्षी वड्या घालायच्या नाहीत, असं ठरवलं.

दुकान मात्र बंद करायचं नाही. माल नसला तरी पाटी राहू दे.