रजा वैशाखातलीच

पिंपरी, धुळवड

तीर्थरूप बाबांना शेवंताचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

बाबा, आम्ही येतोय! ह्यांना कारखान्यातून वैशाखात आठवडाभराची रजा मिळाली. शेजारचे युसुफभाई आणि सुरय्याभाभीही वाघ बघायला येणार आहेत.

आधी ह्यांनी श्रावणातली रजा मागितली होती. इकडची माणसं पावसातच फिरायला निघतात, हिरवं बघायला. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, "अहो, श्रावणात ताडोब्याला जाऊन काय गवत बघणार? तेव्हा जागोजागी पाणी असतं, वाघ तळ्यावर कशाला येईल? वैशाखात ओढे आटले की सगळं जंगल तळ्याकाठी येतं."

"आणि आपण उन्हानं मरायचं?" हे म्हणाले.

युसुफभाई हसले, "भाभी, तुम्ही वाघाच्या बाजूनं की आमच्या?"

पण रजा बदलली! सगळ्यांना डोक्याला दुपट्टा कसा बांधायचा ते मी आत्ताच शिकवलंय. ऊन लागू नये म्हणून जवळ कांदा ठेवायचा म्हटल्यावर सुरय्याभाभी हसत सुटली. येऊ दे, तिथं कळेल.

माय कशी आहे? विहिरीला पाणी आहे ना?

तुमचं मागचं पत्र मास्तरांच्या अक्षरात होतं. "थोडं अंधुक दिसतं" म्हणजे किती, ते मात्र त्यात नव्हतं.

मचाण बांधून घ्या आणि माझ्या शेजारी बसा. लहानपणी वाघ आला की तुम्ही माझ्या कानात सांगायचात, "बेटा, मोहाच्या डावीकडे बघ." यंदा मी तुमच्या कानात सांगेन.

तुमचीच,
शेवंता