घरच्या काट्यावरचं वजन

दि. ३ ऑक्टोबर

ती. बाबांच्या पायांशी पावशेराचा शि. सा. न. वि. वि.

काल दुपारी बॉक्सिंगच्या शिबिरात सुखरूप पोहोचले. मनगट आता अजिबात दुखत नाही, आईला सांगा. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. दोन खाटा, एक कपाट आणि त्याचं एक दार आपल्या मर्जीने उघडणारं. सोबतीण माझ्याहून हातभर उंच आहे, सगळे तिला शिडी म्हणतात. ती सत्तावन्न किलोच्या गटात खेळते, म्हणजे मी सोडलेल्या गटात. स्वभावाने चांगली आहे, फक्त झोपेत ठोसे मारते.

आता खरं कारण लिहिते. बाबा, इथला काटा खोटा आहे. तुम्हाला माहीतच आहे, मनगटासाठी दोन महिने घरी यायच्या आधी सरांनी ठरवलं होतं की मी चौपन्नच्या गटात उतरायचं. सत्तावन्नमधल्या मुलींचे हात लांब, माझे आखूड. खाली उतरले तर माझ्याच उंचीच्या मुली मिळतील आणि हलकी झाले की पाय जास्त चपळ पडतील, असा त्यांचा हिशोब. घरून साडेपंचावन्नवर ये, उरलेलं दीड किलो मी इथे उतरवीन, असं ते म्हणाले होते. दर सोमवारी मी घरच्या काट्यावरचा आकडा त्यांना कळवत होते. शेवटचा बरोब्बर साडेपंचावन्न होता. इथे उभी राहिले तर सत्तावन्न किलो दोनशे!

सरांनी आकडा वहीत लिहिला आणि त्याखाली लाल रेघ मारली. त्या रेघेने माझा पारा चढला. वीस मुलींसमोर मी खणखणीत आवाजात सांगितलं की काटा तुमचाच चुकतोय, माझे वडील तीस वर्षं काटे दुरुस्त करतात, अर्धा बाजार त्यांच्या हातावर चालतो आणि आमच्या घरचा काटा त्यांनी स्वतः लावलेला आहे. मागे दोघीतिघी खुदकन हसल्या. सर शांतपणे म्हणाले की मग वडिलांनाच विचार, आमचा काटा कसा तपासायचा. तर बाबा, लगेच कळवा. फोन रविवारी दहाच मिनिटं मिळतो, तोही कार्यालयात सगळ्यांच्या कानांदेखत. चौदा तारखेला सकाळी वजन आणि दुपारी निवडीची लढत आहे.

आईला नमस्कार. माया आहेच, पत्रातूनही येत राहावी.

तुमची
पावशेर


दि. ५ ऑक्टोबर

चि. पावशेर हिला बाबांचे अनेक आशीर्वाद.

पत्र आज सकाळीच मिळालं. वाचून दुकानाचं एक दार उघडलं आणि दुसरं उघडायचं राहूनच गेलं. शिडीला सांग की हे नाव तुझ्या बापाने ठेवलंय. जन्मलीस तेव्हा इतकीशी होतीस की दवाखान्यातल्या काट्यावर ठेवली तरी काटा हलेना. नर्सने काटा बिघडलाय म्हणून हाक मारली आणि मी खिशातून पेचकस काढला होता. तुझी आई अजून त्यावरून मला हसते.

तपासायची रीत सोपी आहे. जवळच्या धान्यवाल्याकडून सरकारी शिक्का असलेली वीस किलोची दोन वजनं मागून आण. काटा सपाट फरशीवर ठेवून आधी एक, मग दोन्ही ठेवायची. वीस आणि चाळीस बिनचूक दाखवले तर काट्याला बोल लावायला जागा नाही. चारचौघांत सरांशी वाद घालू नकोस. माझं नाव तर मध्ये आणूच नकोस, मी कोण लागून गेलो!

आणि एक विचारू का? सत्तावन्न काय वाईट होतं? गेल्या वर्षी तू उलट्या टोकाला गेलीस. लोखंड उचलून उचलून दंड फुगवलेस, ठोसा असा बसायचा की समोरची मागे सरकायची, पण तिसऱ्या फेरीत तुला तेच दंड पेलवेनात, धाप लागून तोंड उघडं पडायचं. तेव्हा तूच सांगितलंस की वाढलेल्या स्नायूंनाही श्वास पुरवावा लागतो. मग ते वाढीव उतरवून तू आत्ताशी कुठे मापात आली होतीस. आता त्याच्याही खाली का जायचं? मला काय कळतं म्हण, पण दोन महिन्यांपूर्वी तू घरी आलीस तेव्हा तुझ्या गळ्याची हाडं मोजता येत होती.

सर सांगतील ते ऐक. पण जेव. तुझी आई औषधांच्या दुकानातून आली की रोज पहिला प्रश्न तुझाच विचारते. आमचा जीव तुझ्यात आहे हे तुला वेगळं लिहायला नको.

तुझा
बाबा


दि. ८ ऑक्टोबर

ती. बाबांस, पावशेराचा न. वि. वि.

तुम्ही सांगितलं तसंच केलं. धान्यवाल्याने वजनं द्यायला आधी खळखळ केली, मग तुमचा धंदा सांगितल्यावर स्वतःच उचलून आणली. वीस ठेवले, वीस आले. चाळीस ठेवले, चाळीस आले. मागे मुली उभ्या होत्याच. मी सरांची माफी मागितली. ते म्हणाले की माफीचं काही नाही, पण घरी काय खाल्लंस ते खरं सांग. मी म्हटलं, तुम्ही लिहून दिलं होतं तेवढंच. त्यांना ते पटलं नाही, हे चेहऱ्यावर दिसत होतं. म्हणजे आपलाच काटा बिघडला असणार. भिजला होता का? की कोणी आदळला? तुम्ही एवढे व्यवस्थित आणि घरचाच काटा तपासायचा राहिला, असं कसं झालं?

सरांनी मला दोन वाटा दिल्या. एक, या वेळी नाव मागे घ्यायचं. दुसरी, दहा तारखेपर्यंत साडेपंचावन्नला आले तर पुढचं बघू. ते पहिलीच घे म्हणत होते. मी दुसरी घेतली. खोटारडी ठरून परत येण्यापेक्षा हे बरं.

आता कशी आहे ते आईला वाचून दाखवू नका. सकाळी अंगात रबरी कोट घालून दोरी, मग बंद खोलीत हीटर लावून पुन्हा दोरी. दिवसाला मोजून चार पेले पाणी. जेवण इतकंच की ताट धुवायला लागत नाही. सरांनी समजावलं होतं की माझ्या अंगावर चरबी मुळात थोडीच, त्यामुळे आता जातंय ते पाणी आणि स्नायू. खरंच आहे ते. काल शिडीबरोबर तीन फेऱ्या खेळले. हलकी झाले की चपळ होईन असं मला वाटत होतं. पण ठोसा येताना डोळ्यांना दिसतो आणि मान हलते तो बसून गेल्यावर. हात माझे नाहीतच, कोणाचे तरी उसने आणलेत असं वाटतं. मांड्या दुसऱ्या फेरीतच थरथरायला लागल्या. शिडीने शेवटच्या मिनिटात मला मारलंच नाही, नुसते हातमोजे टेकवत राहिली. मला रडू आलं, पण डोळ्यांतून काही आलं नाही.

काळजी करू नका. सहा दिवसांचा प्रश्न आहे. आपला काटा तेवढा तपासून ठेवा, दुसऱ्या कोणाला त्याने दगा द्यायला नको.

कृपादृष्टी असावी.

तुमची
पावशेर


दि. ११ ऑक्टोबर

चि. पावशेर हिला आशीर्वाद.

काटा बिघडलेला नाही, बाळ. तो मी बिघडवला.

तू घरी आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात. तू ताटातला भात चमच्याने बाजूला सारायचीस आणि सोमवारी काट्यावर उभी राहून डोळे मिटून घ्यायचीस. आकडा जास्त आला की मंगळवार-बुधवार काही खायची नाहीस. एकदा जिन्यात चक्कर येऊन बसलीस आणि चप्पल निसटली म्हणालीस. मला ते बघवेना. तू बाहेर गेल्यावर मी काट्याचं सील तोडलं. काटा लावताना वीस किलोचं वजन ठेवून त्याला सांगावं लागतं की हे वीस. मी वीसच्या जोडीला सहाशे ग्रॅम ठेवले आणि सांगितलं, हे वीस. म्हणजे दर वीस किलोमागे तो जवळपास सहाशे ग्रॅम कमी दाखवणार. रिकामा असला की शून्यच दाखवायचा, म्हणून तुला संशय आला नाही. त्यानंतर तू जे खाल्लंस ते हसतखेळत खाल्लंस. रात्री शांत झोपायला लागलीस. मला वाटलं, पोरीचं चार दिवस भलं होतंय. पुढे शिबिरात दुसरा काटा असणार, एवढी साधी गोष्ट तीस वर्षं काटे लावणाऱ्या माणसाच्या डोक्यात आली नाही. आली असेल, तर मी ती आत येऊ दिली नाही.

बाजारात आजवर एक ग्रॅम इकडचा तिकडे केला नाही. एका दुकानदाराने मागे काय काय देऊ केलं होतं, त्याला मी उंबऱ्याच्या बाहेर काढलं होतं. तुझ्यापुढे मात्र हात वाकडा गेला.

हे पत्र मिळताच नाव मागे घे. सरांना सांग, चूक बापाची आहे. पाणी पी. मी हात जोडतो.

बाबा

ता. क. आई लिहिते आहे. मला हे काल रात्री कळलं. तुझ्या बाबांनी आठ तारखेचं पत्र लपवलं होतं, ते मला गल्ल्याखाली सापडलं. मी सकाळी कार्यालयात फोन केला, तिथल्या बाई म्हणाल्या की सराव चालू आहे, निरोप देते. डोळ्यांतून पाणी येत नाही, लघवीला गडद होतं, अशी माणसं आमच्या दुकानात आली की मी त्यांना औषध देत नाही, सरळ दवाखान्यात पाठवते. स्पर्धा गेली खड्ड्यात. पत्र मिळाल्याबरोबर फोन कर. - आई


दि. १७ ऑक्टोबर

ती. बाबांस न. वि. वि.

हे दवाखान्यातून लिहिते आहे, म्हणून अक्षर वाकडं आहे. डाव्या हाताला सलाईनची सुई आहे, त्यामुळे कागद धरता येत नाही. आई इथे येऊन पोहोचली आहे आणि बाहेर डॉक्टरांना फैलावर घेते आहे. तुम्ही आला नाहीत. तोंड दाखवायचा धीर होत नाही म्हणालात, असं तिने सांगितलं.

तुमचं पत्र तेरा तारखेलाच आलं होतं. मी ते उघडलं नाही. तुमच्या पत्रात हमखास जेवणाचं काहीतरी असतं, आणि त्या दिवशी मला जेवण हा शब्दही वाचायचा नव्हता. जिंकले की वाचू, म्हणून उशाखाली ठेवलं. आईचा निरोपही मिळाला होता. मला वाटलं, तीही जेव म्हणूनच सांगेल.

वजन त्रेपन्न किलो नऊशे भरलं. सरांनी पाठीवर थाप मारली. पाणी प्यायले ते उलटून पडलं. पहिली फेरी मी जिंकले असं शिडी म्हणते, मला आठवत नाही. दुसरीत ठोसा खाऊन मी डगमगले, पंचांनी लढत थांबवून माझ्यासमोर आठपर्यंत आकडे मोजले. तिसरीत समोरच्या मुलीचा उजवा हात निघालेला मी स्पष्ट पाहिला. एवढा वेळ होता की खाली वाकून, वळून, उलटा ठोसा मारता आला असता. वर्षभर तेवढंच घोटलं होतं. माझ्या पायांनी ऐकलं नाही. पुढचं आठवतं ते छतावरचे दिवे. मूत्रपिंडांवर ताण आलाय, तीन महिने रिंगणात पाऊल ठेवायचं नाही, असं डॉक्टर म्हणतात. नंतरचं नंतर बघू, असंही म्हणतात.

तुमचं पत्र काल वाचलं. दोनदा वाचलं. काट्याचं मी तुम्हाला माफ करीन, बाबा. मी जिन्यात चक्कर येऊन बसले होते आणि खोटं बोलले होते, तेव्हा आपण दोघंही एकाच घरातले. ते दोन महिने मी पोटभर जेवले आणि खूश होते, हेही खरं.

पण पाच तारखेच्या पत्राचं काय करू? मी विचारलं होतं, काटा कसा तपासायचा. तुम्हाला उत्तर ठाऊक होतं आणि तुम्ही मला धान्यवाल्याकडे पाठवलंत. तेव्हा माझ्या हातात आठवडा होता, अंगात ताकद होती, सरांपुढे तोंड वर करून सांगता आलं असतं की हिशोबच चुकलाय, मला सत्तावन्नमध्येच राहू द्या. तुम्हाला लाज वाटली म्हणून तुम्ही थांबलात. आणि मी वीस मुलींसमोर तुमच्या हाताची शपथ घेऊन उभी होते.

सरांना मी अजून काही सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं, मी घरी चोरून खाल्लं आणि आकडे खोटे कळवले. ते तुम्ही कळवायचं. तुमच्या अक्षरात, तुमच्या सहीने, सहाशे ग्रॅमसकट. सर ते सगळ्यांसमोर वाचतील, मी तसं सांगणार आहे. तुम्हाला कठीण जाईल हे मला माहीत आहे.

रविवारी आईबरोबर घरी येते. माझं ताट मी वाढून घेईन. डॉक्टरांनी दर आठवड्याला वजन कळवायला सांगितलं आहे, ते मी आपल्या बाजारात कोपऱ्यावरच्या धान्यवाल्याच्या काट्यावर करीन. तोही तुम्हीच लावलेला आहे, मला माहीत आहे. त्याच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तिथे उभं राहणारं माणूस तुमचं कोणी नसतं.

लोभ आहे तेवढाच असू द्यावा.

तुमची
लेक