मलावीतला पाना

पप्पा,

तुमचा मोठा पाना हरवला नव्हता, हे मला मागच्या महिन्यात कळलं. तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली, त्यामुळं रागानं लिहीत नाही. मी नववीत होतो. पाना कुठं टाकलास म्हणून तुम्ही मला चार माणसांत बोललात, आणि मी आठ दिवस जळकोटातल्या एकेका हापशाभोवतीची माती चाळत फिरलो. त्याच वर्षी तुम्ही गेलात, माझी शाळा सुटली आणि हापसे दुरुस्तीचं काम माझ्याकडं आलं.

आत्या तेव्हा नुकतीच सुट्टी संपवून आफ्रिकेत, मलावीला परत गेली होती. लग्नाला नाही म्हणून मिशनच्या दवाखान्यात नर्स झालेली तुमची एकुलती बहीण पाच वर्षांनी एकदा घरी यायची. रविवारी चर्चच्या उपासनेत परदेशातल्या सेवकांसाठी प्रार्थना सुरू झाली, की तुम्ही उठून बाहेर जायचात आणि लोकांच्या चपला जोडीनं लावत बसायचात. तिचं नाव तुम्हाला ऐकायचं नसायचं. त्या सुट्टीत तुम्ही आळीतला हापसा उघडला होता. मी खाली पाइप घसरू नये म्हणून क्लॅम्प धरलाय. ती येते, पदर खोचते आणि पाइप ओढायला हात लावते. तुम्ही वर न बघता विचारता, "इथले आजारी संपले का गं, तिकडं जातीस ते?"

"इथं तू हायस की, दादा."

पाइप ओढता ओढता ती सांगते, की तिथंही असलेच हापसे आहेत, पण बिघडला की दुरुस्त करणारं कुणी नाही, बायका नदीचं पाणी आणतात आणि त्यांची पोरं तिच्या दवाखान्यात येतात. तुम्ही एवढंच विचारता, "तिथला वायसर चामड्याचा का रबराचा?"

मागच्या महिन्यात तिनं व्हिडिओ कॉल केला. पांढऱ्या केसांची आत्या हापशापाशी बसली होती, शेजारी दोन पोरी, आणि हातात तुमचा पाना. मुठीला तुम्हीच गुंडाळलेली सायकलच्या ट्यूबची पट्टी. मी विचारलं तर ती हसली. "दादानं यस्टीत बसताना पिशवीत घातला. म्हणला, पोराला सांगू नको."

दोन वर्षं ती मला बोलावतेय, तिथल्या पोरींना हे काम शिकव म्हणून. दोन वर्षं मी एकच उत्तर देत आलो, की पप्पांना चाललं नसतं. भीती माझी होती, नाव तुमचं लावत होतो. गावात आता नळ आलेत, आठवड्याला एखादा हापसा उघडतो, हेही मी तिला कधी सांगितलं नाही. आता तुमच्या आड लपता येत नाही. मी जाणार आहे. पासपोर्टचे कागद तीनदा तपासले, चौथ्यांदा तपासून धाराशिवला देऊन आलो.

हा कागद कुठं पाठवायचा नाही. आईला अजून काहीच सांगितलेलं नाही, ती आत भाकरी करतेय. तुम्हाला आधी सांगितलं, कारण परत कधी येणार, हे तुम्ही विचारणार नाही.