एक वाफा माझा
रविवार, १९ एप्रिल. जांभूळ गाव.

आज सासऱ्यांच्या हातातली काडेपेटी मी हिसकावून घेतली. लग्नाला अकरा वर्षं झाली, असं कधी केलं नव्हतं.

ते भाताच्या रोपांच्या वाफ्यांवर पालापाचोळा पसरून राब भाजायला, म्हणजे पेरणीआधी तो पाला वाफ्यावरच जाळायला निघाले होते, दरवर्षीसारखेच. मी म्हटलं, "बाबा, झाडानं वर्षभर हवेतून ओढून ओढून हा पाला केला. आपण तासाभरात तो परत हवेत उडवतो. मातीला उरते मूठभर राख. त्यापेक्षा कुजू दे ना तिथंच, गांडुळं खातील."

"आनि रान माजलं तर? तुझी गांडुळं येतील काय तण बेणायला?"

"मी बेणेन."

"रोपं नाय आली तर खायचं काय?"

भाजलेल्या वाफ्यात तण कमी येतं, हे त्यांचं खरंच आहे. काडेपेटी हिसकावायला नको होती का? नको होती. पण नुसती मागितली असती, तर दिली असती त्यांनी?

शेवटी म्हणाले, "चारातला एक वाफा तुझा. तीन मी भाजनार."

मी काडेपेटी परत दिली, त्यांनी तीन भाजले. त्या धुरात खोकत मी माझ्या वाफ्यातला पाला कुदळीनं मातीत पुरला, वर शेणकाला ओतला. शेजारची काकू कुंपणाशी उभी राहून हसली. हसू दे. सासूबाई मात्र कळशी घेऊन आल्या, माझ्या वाफ्यावर पाणी ओतून गेल्या.

पुढच्या वर्षी मी दोन वाफे मागणार आहे.