पुढचं चाक मोकळं झालंय

दादा,

कामावर निघाले, तुझी झोप मोडली नाही. वर्षभर झाकून ठेवलेली तुझी मोटारसायकल काल तुला न विचारता खोलली, रागावू नकोस. पुढचं चाक हाताने फिरवलं तर हलेना. ब्रेकचा पिस्टन गंजून जाम झाला होता आणि डिस्क तापून निळी पडलीये. उभ्या गाडीची डिस्क कशी तापेल? म्हणजे ब्रेक त्या दिवशी चालत्या गाडीतच अडकला. आपण पडलो, माझा हात मोडला, त्यात तुझी चूक नव्हती रे वेड्या.

पिस्टन साफ केलाय, ब्रेक ऑइल नवं भरलंय. ते दर दोन वर्षांनी बदल आणि गाडी आठवड्यातून एकदा तरी फिरव.

मी सहाला सुटते. न्यायला गाडी घेऊनच ये, मी मागे बसणार आहे.

तुझी ठकी